गाड्या कुणाच्या

(वॉशिंग्टन शहर. लूशसला पुरून आल्यानंतरची दुपार. पाहुणे गेलेत. त्याची बायको व्हर्नेल आणि बहीण ओडेसा स्वयंपाकघरात भांडी आवरताहेत.)

ओडेसा : पण वहिनी, तू त्या गोरीला घरात घेतलंसच कशाला?

व्हर्नेल : दारात उभी होती. हसून विचारलं, घर विकायला काढलंय का. बाहेर एवढ्या गाड्या बघितल्या ना तिनं, वाटलं गिऱ्हाइकं घर बघायला आलीत.

ओडेसा : दादाला पोचवायला आलेल्यांच्या गाड्या होत्या त्या.

व्हर्नेल : तिला काय ठाऊक? तुझी आई गेली तेव्हा आपण चर्चमधून परत येईस्तोवर गल्लीनं ओटा जेवणाच्या डब्यांनी भरून टाकला होता. आज चिकनसुद्धा विकत आणलं मी.

ओडेसा : आपली माणसं घरं विकून गेली, आता लांबलांबून येतात गं.

व्हर्नेल : तेच म्हणते.

ओडेसा : मग काय म्हणालीस तिला?

व्हर्नेल : ये, म्हटलं. खिडक्या बघत बघत आली, ती लूशसच्या फोटोपाशी थांबली. फुलं बघून चेहरा उतरला तिचा. म्हणाली, हे आमच्या दारातला बर्फ काढायचे.

ओडेसा : काढायचाच. दुखरे गुडघे घेऊन.

व्हर्नेल : तिला वाटायचं, पालिका माणूस पाठवते.

ओडेसा : अरे देवा.

व्हर्नेल : रडली गं ती. मीच पाणी दिलं तिला. बाई वाईट नाही. नाव विचारलं त्याचं. आज विचारलं.

ओडेसा : बस झालं, वहिनी. समोर माझं घर होतं. आज तिथला माणूस मला विचारतो, कुणाकडे जायचंय. माझी पोरं ज्या पायऱ्यांवर वाढली, तिथं उभा राहून. विकून टाक हे. माझ्याकडे खोली रिकामीच आहे.

व्हर्नेल : रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा तो. ही नवी राहायला आलेली पोरं कानात गाण्याची बोंडं घालून सरळ निघून जायची. मी म्हणायची, कुणाला हात करतोस? तर म्हणे, शेजारी आहेत आपले.

ओडेसा : भोळाच होता दादा.

व्हर्नेल : तुझ्या तिकडे शेजारी कोण आहे गं?

ओडेसा : आहे ना एक कुटुंब. आपल्यातलेच, काळे. चांगले आहेत.

व्हर्नेल : नाव काय त्यांचं?

ओडेसा : निळी गाडी आहे त्यांची.