आत्याची नथ आणि बोलका पाइप

...अहो, हसताय काय? तुमच्यावर आली असती तर कळलं असतं! आणि मी भित्रा नाही हं, ते आधीच सांगून ठेवतो. अख्ख्या नागावच्या विहिरींवरच्या मोटारी मी रिवाइंड करतो, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी गुंडाळतो, चालू लाइनीत हात घातलाय मी... पण कोकिळाआत्याचा फोन वाजला की तोच हात मोबाइलला लागायला तयार नसतो, त्याला मी काय करू?

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहणार तळा, आणि आवाज तिथून इथपर्यंत. यंदा आमच्या गौरीला घालायला तिनं स्वतःची नथ दिली. सोन्याची, मोत्यांची, तिच्या सासूकडून आलेली. देताना म्हणाली, "दत्तात्रेया, गौरीसाठी हाय म्हणून देते. आमच्या नातीच्या, प्रणालीच्या साखरपुड्याला ती मला परत पायजे. जपशील न्हवं?" मी म्हटलं, "आत्या, जिवापाड!" कुठून सुचला तो शब्द, देव जाणे.

मग गौर बोळवायचा दिवस. वाजतगाजत समुद्रावर गेलो, आरती केली, गौर पाण्यात ठेवली, प्रसाद खाल्ला, घरी आलो, हातपाय धुतले आणि बघतो तर आमची कमळ रिकामी डबी घेऊन समोर उभी. "नथ द्या, ठेवते." "कुठली नथ?" "अहो, तुम्ही काढलीत ना?" "मला वाटलं तू काढलीस!" ...कमळनं डबी उलटी करून झटकली, मी खिसे उलटे केले. आणि नेमका तेव्हाच फोन. "दत्तात्रेया, नथ ठेवलीस न्हवं जाग्यावर? चार दिसांनी न्यायला येते." मी म्हटलं, "हो आत्या, एकदम जागेवर." समुद्र काय, जागाच नाही का?

ओहोटीला पळत गेलो. गौरीच्या मातीचा गोळा तिथंच पडलेला, नथीचा पत्ता नाही. कमळ स्वयंपाकघरातली चाळणी घेऊन वाळू चाळत बसली. लोक विचारायचे, "वहिनी, काय शोधताय?" ती म्हणायची, "शिंपल्या." पण किनारा चाळून संपतो का हो? तेव्हा मला आठवला तो पिनपॉइंटर. हातात धरायचा दांडा असतो, टोक वाळूत खुपसायचं, जवळ धातू असला की ओरडतो. विकत मागवावा तर तो येणार आठवड्यानं आणि आत्या येणार त्याच्या आधी! म्हटलं, तांब्याची तार आपल्या दुकानात, वेटोळी घालायचा हात आपला, घरीच करू. जुन्या रेडिओतली कांडी काढली, तिच्यावर तार गुंडाळली, मोबाइलवर बघून सर्किट जोडलं, सगळं प्लास्टिकच्या पाइपात कोंबलं. बॅटरी आत मावेना, ती बाहेरून काळ्या पट्टीनं बांधली. लाल-पिवळ्या वायरी लोंबत राहिल्या. ते दिसतं कसं, हे मी नीट बघितलंच नाही. इथंच घात झाला!

आणि ओरडायला लागतो तो बझर संपलेला. दुकानात होता तो टाकी भरल्याचा गजर, त्यात ती बाई बोलते बघा... "पाण्याची टाकी भरली आहे, कृपया मोटर बंद करा!" तोच जोडला. कमळच्या मंगळसूत्राजवळ नेला. "पाण्याची टाकी भरली आहे!" कमळ किंचाळली, "माझ्या गळ्याशी आणू नका ते मेलं!" पण चाललं हो यंत्र!

किनाऱ्यावर मात्र त्याला बाटलीचं झाकणही सोनं आणि खारी ओली वाळूही सोनं. दर थोड्या वेळानं टाकी भरायची आणि दरवेळी कुठल्या तरी होमस्टेचा मालक हातातला चहा सोडून घरी पळायचा, मोटर बंद करायला. मी तसा भित्रा नाही, पण लोक माझ्याकडे बघायला लागले होते.

तेवढ्यात फोन. आत्या! लाटांचा आवाज तिला कळायला नको म्हणून यंत्र तसंच चालू वाळूत खोचलं आणि सुरूच्या झाडांत पळालो. "दत्तात्रेया, मी यस्टीत बसलीय. नथ काढून ठेव." "हो हो" म्हणून फोन ठेवला. परत येऊन बघतो, तर किनाऱ्यावर ही गर्दी! आणि मधोमध, एकटा, माझा पाइप. ओल्या वाळूत हळूहळू खचत गेलेला आणि बोंबलतोय, "पाण्याची टाकी भरली आहे! कृपया मोटर बंद करा!"

तो शुभम, बनाना राइडवाला, ओरडत होता, "मागं व्हा! बॉम्ब हाय! वायरी हायत!" आता आमच्या किनाऱ्यावर ही थट्टा नव्हे हो. बोर्ड लागलेत, बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. सागरी सुरक्षेच्या मीटिंगला मीच पहिल्या रांगेत बसून मान डोलावली होती! पोलिसांची जीप आली, दोरी बांधली. हवालदार कान देऊन ऐकतोय. "साहेब, बोलतोय तो. टाकी म्हणतोय." साहेब म्हणाले, "कोड वर्ड असेल. गावातल्या सगळ्या टाक्या तपासा!" आणि माझ्या डोक्यात एकच... हा सारखा बोलतोय, न थांबता बोलतोय, म्हणजे खाली नथ आहे! सापडली! आणि मी दोरीच्या अलीकडे. ओरडू की गप्प बसू? मी भित्रा नाही, पण आधी शेजारच्याच्या पाठीआड सरकलो.

जाड पोशाख घातलेला माणूस आला, कुत्रा आला. कुत्र्यानं हुंगलं आणि कंटाळून खाली बसला. त्या माणसानं पाइप उचलला, उघडला. "साहेब, बॉम्ब नाही. पण हे काय आहे तेही कळत नाही." मग त्यानं खालची वाळू उकरली आणि बोटात धरून वर काढली... नथ! उन्हात अशी चमकली! गर्दीतून पाच-सहा बायका एकदम, "माझी! माझी हाय ती!" साहेब शांतपणे म्हणाले, "छान. ज्याची नथ, त्याचंच हे यंत्र. चला, बसा जीपमध्ये."

एका क्षणात सगळ्या मागे. फक्त एक बाई पुढे. हातात पिशवी, पदर खोचलेला, यस्टीतून उतरून थेट गर्दीत घुसलेली. कोकिळाआत्या!

"माझी हाय ती!"

"आणि हे यंत्र, आजी?"

"तेबी माझंच! नथ माझी हाय, तर तिच्या आजूबाजूचं समदं माझं! द्या हिकडं!"

हवालदारानं आत्याचा दंड धरला. आता सांगा, काय करायचं? एकीकडे पोलीस, दुसरीकडे आत्या! मी दोरी ओलांडून पुढे गेलो... खोटं कशाला बोलू, मागून कमळनं ढकललं. "साहेब," म्हटलं, "नथ तिची, यंत्र माझं, आणि घोळ आम्हा नवरा-बायकोचा!"

चौकीत सगळं सांगितलं. गौर, डबी, तार, टाकी, सगळं. साहेब हसून हसून लाल झाले. आत्याला नथ दिली, तिची सही घेतली आणि मला म्हणाले, "जा घरी. पुन्हा असलं काही करून किनाऱ्यावर सोडू नका."

बाहेर बाकावर आत्या बसली होती. नथ नाकात आणि तोंड बंद. आत्या गप्प! तुम्हाला सांगतो, जन्मात कधी गप्प न बसलेली बाई ती. नुसती दाराकडे बघत होती.

मी म्हटलं, "साहेब, आज आत ठेवता येईल का?"

"कुणाला?"

"मला."

"गुन्हा?"

"तुम्ही म्हणाल तो."

साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. आत्यानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी हळूच खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि म्हणाले, "दोन चहा सांगा रे... आणि ते दार जरा आतून लावून घ्या."