मध्ये एक उभी रेघ

बसच्या रांगेत मायलेकी पत्र वाचत होत्या.

"अरब मामीने तिच्या अरबीत लिहिलंय, 'तुमचे भाऊ हल्ली पलंगापासून दारापर्यंत दात घासत येतात.'"

"दादा? तो तर आंघोळीलाही कंटाळायचा. सहा महिने हेच शिकलीस?"

"मूळ धातू तोच आहे, आई. सिवाक म्हणजे दातवण, त्यातलाच हा शब्द."

"मग दारापर्यंत कशाला? चूळ भरायला?"

"थांब, शब्दात मध्ये एक उभी रेघ आहे, अरबीतला 'आ'. मी ती सोडली होती."

"रेघेने काय होतंय?"

"कोशात बघते... खंगलेल्या माणसाने झोकांड्या खात चालणं."

"दात घासण्यातून हे कुठून आलं?"

"माहीत नाही. पण धातू एकच."

"पुढे काय लिहिलंय?"

"'तुम्हाला कळवू नको म्हणाले.'"

बस आली. आई रांगेतून बाहेर पडली.

"अगं आई, बाजाराची बस हीच."

"बाजार राहू दे. दादाकडे जायचं तिकीट कुठे मिळतं, ते बघ."