चावीच्या भोकातून

सकुबाई : तसं काय नाय मॅडम. आमच्या प्रज्वलचं लगीन ठरतंय, तुमाला भाड्यानं दिलेली खोली लागंल.

मेघा : प्रज्वल नववीत आहे काकी. मीच शिकवते त्याला.

सकुबाई : मग सरळच सांगते. तुमी आदीच बोलायला पायजे होतं. आमी जाधव आडनाव ऐकलं नि आपल्यातल्या समजलो.

मेघा : तुम्ही विचारलं नाहीत. आता डोळखांबात मला दुसरी खोली कोण देणार?

सकुबाई : घरात देवधर्म हाय आमच्या. नि तुमी आंघोळ झाली की पयलं बाबासायबांच्या फोटोला हात जोडता.

मेघा : आंघोळीपासून साडी नेसेपर्यंत माझ्या दाराला कडी असते. तुम्ही कुठून बघितलंत?

सकुबाई : मी कशाला बघू? ह्यांनी सांगितलं. जाता-येता चावीच्या भोकातून दिसलं म्हनं.

मेघा : कोंडूकाकांनी? शी.

सकुबाई : फोटोच बघितला ना. कोन कुठली, बघायला नको का मानसानं?

मेघा : हात रोज जोडते, हेही त्यांनीच सांगितलं?

सकुबाई : हा. रोज.

मेघा : काका म्हणते मी त्यांना. काकी, तुम्ही बाहेर जा. मी कडी लावते. फोटो जागेवरच आहे, तुम्हीच बघा.

(दार बंद होतं. सकुबाई वाकून भोकाला डोळा लावते.)

मेघा : काय दिसतं?

सकुबाई : तुमची ट्रंक, बाजूला आंघोळीची बादली. ट्रंकेवर साडी, टावेल. तुमी उभ्या हायसा.

मेघा : आणि फोटो?

सकुबाई : मान लय वाकडी केली तर कोपरा दिसतो.

मेघा : मी उभी आहे ना, इथंच कपडे बदलते रोज. किळस येते मला काकी. त्या बादलीची, टॉवेलची, माझ्या स्वतःच्या अंगाची.

सकुबाई : उघड गो दार.

मेघा : उघडलं. बोला.

सकुबाई : तुज्या आदी इथं नर्सबाय राहायची. भोकात कापूस कोंबायची. मी म्हनायची, काय घान करून ठेवते ही. झाडताना रोज काडीनं काढून टाकायची मी.

मेघा : तुम्ही?

सकुबाई : मीच. एक दिवस न सांगता निघून गेली. गावभर तिलाच शिव्या घातल्या मी.

मेघा : आणि आता माझं काय?

सकुबाई : जा तू बाय. आता फोटोसाठी नाय सांगत मी.