माझ्या पोरीचं मलाच नाय सांगितलं

मी मूळची धरमतरच्या खाडीकडची. बाप मिठागरावर कामाला, आई डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची, मी दहावी झाली नि पेणला पोह्याच्या पापडांच्या कारखान्यात लागली, सात वर्षं पापड लाटले, अजून थंडीत मनगट धरतं. आईचं नि माझं कसं होतं काय सांगू तुम्हाला, बाकीच्या पोरी आईपासून लपवायच्या, मी कारखान्यातून आली की सगळं तिच्यापुढं ओतायची, आणि तीही, बापाला ठाऊक नाय ते मला सांगायची. मंग लग्न होऊन रोह्याला आली, म्हणजे नदीपल्याड अष्टमी गाव हाय, तिथं. नवरा कंपनीत, शिफ्टची ड्युटी. घरात सासू आणि एक नणंद, निकिता. नवरा माणूस वाईट नाय, हे मी आजपण बोलते.

पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेली, पेणच्या दवाखान्यात सिझर होऊन पोरगी झाली, स्वरा. केस एवढे दाट, बघणारे बघत राहायचे. चौथ्या दिवशी लहान पोरांच्या डॉक्टरबाई आल्या, पोरीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, नि नवऱ्याला आणि आईला बाहेर बोलावलं. मी टाक्यांनी हैराण, उठवत नव्हतं. दोघं परत आली तवा विचारलं, काय बोलतात त्या, तर आई बोल्ली, काय नाय गो, पोरगी जरा पिवळी हाय, कोवळं ऊन दाखवा बोलतात. मी दीड महिना रोज तिला घेऊन उन्हात बसली, एक दिवस चुकवला नाय.

पण पोरगी दूध नीट घेईना. दोन घोट ओढले की दमायची, सोडून द्यायची, कपाळावर घाम, ऐन थंडीत घाम, आणि श्वास असा भरभर की बरगड्यांखाली खड्डा पडायचा. मी आईला दाखवलं, आईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, बोल्ली, बाय, तुझं दूध पातळ हाय. सासरी आली तर सासूपण तेच बोल्ली. मी अळीव खाल्ले, शेपू खाल्ला, डिंकाचे लाडू खाल्ले, आणि काय सांगू तुम्हाला, मला माझ्याच अंगाचा राग यायचा, बाईला एवढं एक काम, तेपण जमत नाय. हे शिफ्टवरून आले की पाळण्यात वाकून पोरीच्या छातीला कान लावायचे. मला वाटायचं, बाप किती जीव लावतो.

तिसरा महिना संपला, लसीला नेली तवा नर्सताईनं वजन केलं, भरेना म्हणून परत एकदा केलं. बोल्ली, दवाखान्याची फाईल घेऊन या. ह्यांना विचारलं, बोल्ले सापडत नाय. परत विचारलं तर चिडले, हे कधी चिडत नाय. मंग हे सकाळच्या शिफ्टला गेले तशी मी पोरीला घेऊन रोह्याला गाडीत बसली, पेणला उतरली. म्हटलं दुसरी फाईल बनवून घेऊ, एवढंच माझ्या डोक्यात. त्याच डॉक्टरबाई होत्या. छातीला नळी लावली नि बोल्ल्या, इको केला का? मी बोल्ली, कसला इको? त्यांनी कानातली नळी काढली. बोल्ल्या, अहो, हिच्या हृदयाला छिद्र आहे, महिन्याभरात पनवेलला दाखवा म्हणून मी चिठ्ठी दिली होती, तुमच्या मिस्टरांच्या हातात, तुमच्या आई शेजारीच होत्या, त्यांना दोनदा समजावलं.

पोरीच्या दुखण्याचा धक्का मला नंतर बसला. आधी बसला तो आई शेजारी होती त्याचा.

तशीच रिक्षा करून माहेरी गेली. आई अंगणात बारीक मासळी, जवळा, उन्हात पसरत होती. मी बोल्ली, आई, तुला ठाऊक होतं? तिनं जवळ्याचं सूप बाजूला ठेवलं. मंग बोल्ली, जावयानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, निकिताचं लग्न ठरतंय, घरात काळजाचं दुखणं निघालं तर मोडेल, लग्न लागलं की लगेच नेतो बोल्ले. आणि तू ओली बाळंतीण, तुझं दूध आटलं असतं. मी बोल्ली, माझं दूध पातळ हाय असं तूच बोल्लीस ना? ती परत जवळा पसरायला लागली.

ह्यांना फोन केला, आलेच. बोल्ले, डॉक्टर बोल्ले होते, काही भोकं आपोआप बुजतात, मला वाटलं बुजेल. रोज कान लावून ऐकायचो. तिथंच ओट्यावर बसून रडले. मी नाय रडली.

दुसऱ्या दिवशी पनवेल, तिथून मुंबई. आधी औषधं, मंग सहाव्या महिन्यात ऑपरेशन. तिथले डॉक्टर बोल्ले, आणखी उशीर झाला असता तर फुफ्फुसं खराब झाली असती, मंग हातात काय राहत नाय. निकिताच्या होणाऱ्या सासरी तोवर सगळं कळलं होतं, लग्न काय मोडलं नाय. आणि तिची होणारी सासू, परकी बाई, आठ दिवस माझ्याजवळ दवाखान्यात राहिली. बोल्ली, आमच्यात कोण काय बोल्लं नसतं गो, तुम्ही एकदा विचारलं तरी असतं.

स्वरा आता चार वर्षांची हाय, बालवाडीत जाते, एवढी पळते, धरून ठेवावी लागते. छातीवर उभी रेघ हाय, आंघोळीला विचारते हे काय, मी सांगते सगळं, तिला जेवढं कळेल तेवढं. ह्यांच्याबरोबर संसार चाललाय, त्यांनी माफी मागितली, कितीदा मागितली. आईनं नाय मागितली. महिन्याला येते, सुकी मासळी घेऊन येते, स्वरा धावत जाऊन मांडीत बसते, मी अडवत नाय. च्या करते, गुडघे कसे हायत विचारते. मनातलं काय बोलत नाय. तिला ते कळतं, कप घेऊन पायरीवर बसून राहते. पोरीला आजी लाभावी, पुष्कळ वर्षं लाभावी, मी देवाला तेवढं सांगते. आईला माफ करायचं मला अजून जमलं नाय. जमलं तर करीन.