मागे कोण चालणार

(शनिवार दुपार. परदेशातल्या अप्पर हट गावी, एका पिस्तूल क्लबबाहेर उभी गाडी. आत नवरा-बायको.)

मोरेश्वर : ...आणि म्हणूनच थोरलं. चव्वेचाळीस मॅग्नम. अलास्कातलं अस्वल म्हणजे आपल्या या गाडीचं अर्धं वजन, नीला, आणि धावतं घोड्यासारखं. त्याला थांबवायचं तर रिव्हॉल्वर थोरलंच हवं.

नीलांबरी : थांबवायला आधी लागावं लागतं. सहा गोळ्यांतल्या किती लागल्या तुझ्या?

मोरेश्वर : एक. पण ती कशी लागली, पाहिलंस ना? पुठ्ठा फाटून लोंबत होता.

नीलांबरी : आणि बाकीच्या पाच?

मोरेश्वर : डोंगरात. पण आजचं धरू नकोस, माझी वर्षभराची सरासरी बघ. सहाला पाच.

नीलांबरी : वर्षभर तू चष्मा पुसून, पाय जुळवून, दोन गोळ्यांमध्ये थर्मासमधला चहा घेऊन नेम धरलास. आज तुझ्या प्रशिक्षकानं, रसेलनं, पहिल्यांदा घड्याळ लावलं. चार सेकंद. अस्वल काय अपॉइंटमेंट घेऊन येणारेय?

मोरेश्वर : तू पाहुणी म्हणून एक दिवस आलीस, धाकटं रिव्हॉल्वर उचललंस, चार मारल्यास. त्याला नवख्याचं नशीब म्हणतात.

नीलांबरी : आपल्या लेकीच्या, ऋग्वेदाच्या, अटीत नशिबाचा रकाना आहे का?

मोरेश्वर : अट मला पाठ आहे. चार सेकंदांत, सात मीटरवरून, ताटाएवढ्या गोलात तीन. ज्याला जमेल तो पिस्तूल घेऊन सगळ्यांत मागे. ती अस्वलावर मारायचा तिखट स्प्रे घेऊन पुढे. कुणालाच जमलं नाही तर अलास्कातली आठ दिवसांची पायपीट रद्द, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आपण कानटोपी घालून बोटीतून हिमनद्या बघायच्या. ऐंशी म्हाताऱ्यांबरोबर.

नीलांबरी : मग जमलंय की. मला जमलंय.

मोरेश्वर : धाकट्यानं. धाकट्याच्या गोळीनं अस्वलाला फक्त राग येईल.

नीलांबरी : फार्मसीच्या काउंटरवर तूच सांगतोस ना लोकांना? डॉक्टरनं पाचशेची लिहिली असताना हजाराची घेतली म्हणून ताप दुप्पट वेगानं उतरत नाही.

मोरेश्वर : अस्वल म्हणजे ताप नव्हे.

नीलांबरी : पण मनगट तुझंच आहे. थोरलं हातात आलं की गोळी सुटायच्या आधी तू डोळे मिटतोस. रसेलनंही पाहिलं. सभ्य माणूस, ‘हीप्स ऑफ पोटेन्शियल’ म्हणाला.

मोरेश्वर : मी शिकारीचा परवाना काढलाय. परदेशी माणसाला तिथं बंदूक बाळगायची तर तो लागतो. जन्मात झुरळ न मारलेल्या माणसानं शिकारीचा परवाना काढलाय, नीला.

नीलांबरी : माझाही निघेल, आज घरी गेल्यावर. आणि तो छातीवरचा पिस्तुलाचा चामडी पट्टाही माझ्या मापाचा करून घेऊ. पंधरा दिवस तू आरशासमोर स्वेटरवर चढवून बघतोयस, मला दिसतं.

मोरेश्वर : लांबी नीट करत होतो.

नीलांबरी : भुवया उंचावून?

मोरेश्वर : हे बघ. वीस वर्षं आपण इथल्या जंगलात हिंडतोय. इथं सगळ्यांत भयंकर प्राणी म्हणजे केआ पोपट, तो बुटाची नाडी खातो. आयुष्यात पहिल्यांदा खरं जंगल मिळतंय आणि मी मधे चालू? मधे सामान चालतं.

नीलांबरी : काय कळवलंस ऋग्वेदाला?

मोरेश्वर : कुठं काय.

नीलांबरी : मोरू.

मोरेश्वर : ‘थोरलं पक्कं. मी मागे.’ सकाळी, रेंजवर यायच्या आधी. वेळ वाचावा म्हणून.

नीलांबरी : परीक्षेच्या आधीच पेढे वाटलेस. घे, तिचाच फोन. स्पीकरवर टाक.

ऋग्वेदा : किया ओरा, बाबा! ‘थोरलं’ काय? टेस्ट झाली? आय नीड टू बुक द प्लेन टुडे. छोटं विमान आहे, सीट्स जातील. थ्री इन फोर सेकंड्स, कोणी केलं?

मोरेश्वर : तुझा मेसेज... म्हणजे माझा मेसेज...

ऋग्वेदा : बाबा, ट्रुथ प्लीज. तिकडे मी पुढे असणार. माझ्या मागे कोण आहे ते मला माहीत पाहिजे.

मोरेश्वर : आई. चार मारल्या. धाकट्यानं. मी एक.

ऋग्वेदा : आई? नो वे!

नीलांबरी : सहातल्या चारच गं. दोन गेल्या.

ऋग्वेदा : स्वीट ऍज, मस्तच! मग धाकटंच, आई लास्ट. बुक करते. आणि बाबा, मधल्या माणसाला सगळा वेळ मोठ्यानं बोलावं लागतं. ह्यूमन व्हॉइस ऐकला की बेअर्स मोस्टली लांब जातात. पिस्तूल इज फॉर जेव्हा ते फेल होतं. यू विल बी ग्रेट. बाय!

नीलांबरी : ऐकलंस? आठ दिवस, आणि कुणी गप्प बस म्हणणार नाही.

मोरेश्वर : अलास्कातली अस्वलं स्थलांतर करतील.

नीलांबरी : चल, गाडी काढ.

मोरेश्वर : एक सांग. रसेलनं घड्याळ दाबलं तेव्हा मला नुसता आकडा दिसत होता, चार, तीन, दोन. तुझा हात जराही हलला नाही. इमर्जन्सी वॉर्डातली सवय?

नीलांबरी : नाही.

मोरेश्वर : मग काय होतं डोक्यात?

नीलांबरी : काही नाही. अस्वल तुझ्याकडे निघालंय, एवढंच.

मोरेश्वर : ...पट्ट्याला आणखी एक भोक पाडायला लागेल. घरी गेल्यावर पाडतो.