घंटीला कुंकू

आमचं मूळ गाव कुठलं म्हणून विचारता, तर खरं सांगू, मलाच माहीत नाही. आजोबांचे आजोबा कधीतरी इकडं आले ते आले, आमचा जन्म म्हैसूरचा, मंडी मोहल्ल्यातला, घरात मराठी, दारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. वडील शिवणकाम करायचे, मी शिकले आणि जवळच्या एच. डी. कोटे गावी सरकारी कचेरीत लागले, रोज बसनं जायची यायची. सरकारी नोकरी म्हणजे देवाचं देणं, असं आई म्हणायची, बिचारीनं आमचे साहेब कुठं बघितले होते.

साहेब म्हणजे काय सांगू तुम्हाला. टेबलावर एक घंटी, बोट दाबलं की टर्रर्र, आणि ती दुसऱ्यांदा वाजायच्या आत समोर उभं राहिलं नाही की सगळ्यांदेखत पाणउतारा. जमिनीचे अर्ज, त्यात निवडणुकीचं काम, त्यात कसली कसली मोजणी, माणसं तेवढीच, आणि रजा मागितली की इल्ला. इल्ला म्हणजे नाही, आणि ते म्हणायला त्यांना फार गोड वाटायचं. घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकून उभी राहायची, नवरा हसायचा, मग हसायचा थांबला.

शेजारच्या टेबलावर शैलजा, लेकुरवाळी, मला अक्का म्हणायची. निवडणुकीत तिला एक रविवार मिळाला नाही, पोरगी तापानं फणफणलेली, तरी रजा इल्ला. एक दिवस घंटी वाजली, ही उठली आणि पायच गेले हो, फरशीवर बसली, नुसती भिंतीकडं बघत. मी तिचं डोकं मांडीवर घेतलंय आणि आत घंटी वाजतीय, वाजतीय. मग साहेब दारात आले, म्हणाले, काय गं, नाटक कंपनी काढलीस का. डॉक्टरांनी तिला घरी बसवलं, ताणानं माणूस आतून रिकामं होतं म्हणाले. मी मनात म्हटलं, थांब बाबा, तुझी घंटी मी बघते.

आमच्याकडं दसऱ्यात आयुधपूजा. ज्याच्यावर पोट चालतं ते पुजायचं, कचेरीत कॉम्प्युटर, शिक्के, जीप, सगळ्याला हळदकुंकू, आणि पूजेतल्या वस्तूला पूजा उठेपर्यंत हात लावायचा नाही. मांडणी माझ्याकडं, वयानं मोठी म्हणून. साहेब देवाला फार भिणारे, माणसाला नाही. मी साहेबांच्या खोलीत गेले, घंटीची वायर काढली, स्वच्छ पुसली, बाहेर देवीच्या तसबिरीपुढं मधोमध ठेवली, कुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला. मंगळारती झाली, कोहळा फुटला, आणि मी मोठ्यानं म्हणाले, आई, हिच्या आवाजानं एक सुवासिनी पडली, आता ही तुझी, शैलजा येऊन स्वतःच्या हातानं उचलेल तेव्हाच ही उठायची. सगळ्यांनी एका सुरात होकार भरला, हौदु अक्का, हौदु, पुजाऱ्यानंही मान डोलावली. साहेबांचं तोंड, अय्यो, त्या फुटक्या कोहळ्यासारखं.

दसरा सरला, सगळं जागेवर गेलं, घंटी तिथंच. शिपायानं विचारलं, साहेब, देवीनं घेतली तिच्या बदली दुसरी आणू? नको नको, म्हणाले. मग काय, एवढं पोट घेऊन खुर्चीतून उठायचं आणि एकेकाच्या टेबलापर्यंत चालत यायचं, अक्का, जरा ती फाईल. मी माझं टेबल मुद्दाम पार टोकाच्या खिडकीशी सरकवून घेतलं.

शैलजा बरी होऊन आली तेव्हा साहेब स्वतः तिच्यापुढं जाऊन उभे राहिले, शैलजाम्मा, तेवढी ती घंटी उचला. तिनं घंटीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं, म्हणाली, राहू द्या साहेब, तिथंच छान दिसते, आणि उद्या मला रजा पाहिजे. घ्या, म्हणाले. त्या कचेरीत मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

आता आम्ही सगळेच रिटायर. साहेब भाजी बाजारात भेटतात, हातात काठी, गुडघे फार दुखतात हो सुमित्राबाई, म्हणतात. लोक मला म्हणतात, जाऊ द्या आता, माफ करा. शैलजानं अजून घराच्या दाराला बेल लावली नाही, कडी वाजवावी लागते. ती बेल लावील तेव्हा बघू, तोवर माफी इल्ला. देवीनं साहेबांना उदंड आयुष्य द्यावं, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं.