सोबत कोण आहे?

नाही हो, पान उलटू नका, असं मी त्या तालुक्याहून आलेल्या साहेबांना तिसऱ्यांदा सांगितलं, आधी सतराव्या पानावरचं बोला, मग काय तुमचा चहा तो घ्या! तुम्हाला सांगते, अख्खी ग्रामसभा माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी त्यांच्या चहातच पाल सोडली.

विषय काय, तर आरोग्याचा नवा कायदा येणार. अजून झालेला नाही, नुसता मसुदा आहे, आणि लोकांच्या सूचना मागवल्यात. सूचना म्हटल्यावर आमच्या गावाला काय, तोंडाला पाणीच सुटतं. कोण म्हणे गाडी द्या, कोण म्हणे साप चावल्यावरचं इंजेक्शन इथेच ठेवा, रत्नागिरीच्या वाटेवर माणूस थंड होतो. नाटे गावाहून मासळी घेऊन येते ती हाजरा, टोपली खाली ठेवून म्हणाली, बाईडॉक्टर द्या, आणि टिकेल अशी द्या, मागची गणपतीला माहेरी गेली ती गेलीच. तर सखू म्हणते, कायदा काय सुई टोचायला येणार आहे? तेही खोटं नाही.

पण मसुदा वाचला कोणी? मी. राजापुरात जाऊन छापून आणला, चव्वेचाळीस पानं. माझी शाळा चौथीपर्यंत; पुढचं सगळं शिक्षण सरकारी अर्जांवर झालं, त्यामुळे बारीक अक्षर मला घाबरून असतं. आणि सतराव्या पानावर काय सापडलं? ‘दाखल करून घेताना रुग्णासोबतच्या नातेवाइकाची संमती घेण्यात येईल.’ बरं, आणि सोबत कोणी नसेल तर? अठरावं पान बघितलं, एकोणिसावं बघितलं... काही नाही. थेट तक्रार निवारण समिती.

तुम्ही म्हणाल, म्हातारी एवढ्याशा ओळीवर का अडली. अडणार नाही? गेल्या माघात सकाळी छातीत कळ आली. गॅस बंद केला, मांजराला भात घातला, दाराला कुलूप लावलं आणि एस.टी. पकडून गेले इस्पितळात. कुठल्या ते नाही सांगत, उगाच भांडण वाढायचं. खिडकीवरची मुलगी नावाच्या आधी विचारते, ‘सोबत कोण आहे?’ म्हटलं, पिशवी आहे. हसली नाही मेली. पुढे ईसीजीवाला, हातापायाला त्या थंडगार वायरी लावता लावता, ‘आजी, सोबत कोण आहे?’ अरे, कळ माझ्या छातीत आहे, सोबतीच्या नाही! मग डॉक्टर, तो तर गोड बोलणारा, ‘दाखल व्हावं लागेल हं आजी... सोबत कोण आहे?’ मुलगा कुठे असतो, तर कॅनडात. हाक मारू का त्याला, म्हटलं, गॅलरीतून?

बाकावर शेजारी लांज्याचे भिकाजी म्हणून एक गृहस्थ, पोटदुखीने दुमडलेले. तेही सकाळपासून ह्याच प्रश्नाला उत्तर देऊन दमलेले. मी म्हटलं, ऐका, तुम्ही माझी सोबत, मी तुमची. त्यांनी माझ्या कागदावर सही केली, नातं भाऊ. मी त्यांच्या कागदावर केली, नातं बहीण. आणि तुम्हाला सांगते, अर्धा तास काय माया हो! ते वाकत वाकत जाऊन मला पाणी घेऊन आले, मी त्यांची चप्पल सांभाळली. डॉक्टरांनी त्यांना झापलंसुद्धा, बहिणीचा बीपी एवढा वाढेपर्यंत काय झोपला होतात का? तर बिचारे मान खाली घालून म्हणाले, चुकलं माझं. माझ्यापायी कोणी ‘चुकलं’ म्हणून किती वर्षं झाली होती... जाऊ दे.

मग सिस्टरने दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. म्हणाली, पेशंटची सोबत पेशंट चालत नाही. संपलं नातं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या हातात दिल्या आणि सांगितलं, पुढच्या वेळी कोणालातरी घेऊन या. भिकाजींचा नंबर घ्यायचा राहिला तो राहिलाच. बरे झाले की काय, कोण जाणे. भाऊबीजेला आठवण झाली, खोटं कशाला सांगू.

तर म्हणून मी सूचना लिहून नेली होती, माणूस एकटा आला तर त्याला सोबत सरकारने द्यावी, पण दाखल करून घ्यावं. सरपंचांनी वाचली आणि विचारलं, अनुमोदक कोण? म्हणजे बघा, आता सूचनेलाही सोबत लागते! हाजराने हात वर केला, पण ती पडली दुसऱ्या गावची, तिचा हात मोजत नाहीत. बाकीचे सगळे आपापल्या पायांच्या बोटांकडे बघतायत. का, तर म्हणे अशी सूचना गेली तर गावात माणसं नाहीत असं तालुक्याला वाटेल. सरपंच म्हणाले, ‘उमाकाकी, आम्ही आहोत ना! हाक का नाही मारलीत?’ आता काय सांगू, हाक मारायचीही सवय लागते, ती मोडली की घशातून फक्त भांडण निघतं. तेच निघालं. माझा आवाज चढला, सरपंचांचा चढला, मांडवातली कुत्रीसुद्धा उठून गेली.

शेवटी साहेबांनी मसुदा मिटला, घड्याळ बघितलं आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, ‘आजी, प्रत्येकाला माणूस कायदा कुठून आणून देणार? आणि असं कसं, शेवटी कोणीतरी असतंच की.’

‘असतात ना, साहेब,’ मी म्हटलं, ‘शेवटी चौघं येतात खांदा द्यायला, त्यांतला एक तेवढा आधी पाठवा, एवढंच लिहून घ्या.’